आधी टेप, मग फ्रिज : ओट्याखालचा वाइन कूलर निवडताना

‘ओट्याखाली दोन फूट जागा रिकामी आहे, तिथे कोणता वाइन फ्रिज बसेल?’ वाशी, नेरूळ, सीवूड्स, खारघरहून येणाऱ्या पत्रांत हल्ली हा प्रश्न नेमाने असतो. स्वयंपाकघराचं काम निघालेलं असतं, जुने कडप्पे काढून ट्रॉल्या बसवायच्या ठरलेल्या असतात आणि डिझायनरने कॉम्प्युटरवरच्या चित्रात एका कोपऱ्यात काचेच्या दाराचा, निळ्या दिव्याचा फ्रिज काढून दाखवलेला असतो. चित्रात तो छानच दिसतो. चित्रात मे महिना नसतो.

पत्रात रुंदी हमखास लिहिलेली असते. उंची क्वचित, आणि गरम हवा कुठून बाहेर पडणार हे तर कधीच नाही. निवड मात्र याच दोन गोष्टींवर ठरते. कंपनी, रंग, बाटल्यांचा आकडा हे सगळं त्यानंतर बघा.

मुळात तो हवाच का?

आपल्याकडे घरात येणारी बरीचशी वाइन नाशिक, दिंडोरी, अकलूजकडची असते. ही वाइन वर्षानुवर्षं मुरवत ठेवण्यासाठी नसते, वर्ष-दोन वर्षांत पिऊन टाकण्यासाठी असते. सुलासारख्या कंपन्यांच्या बहुतेक बाटल्यांना आता बुचाऐवजी पिळायचं झाकण असतं. अशी बाटली आडवी ठेवायची गरज नाही आणि तिला ठरावीक दमटपणाही लागत नाही. तिला हवा फक्त गारवा.

त्यामुळे घरात एका वेळी सहा-आठ बाटल्याच असतील आणि त्या महिन्या-दोन महिन्यांत संपत असतील, तर वेगळा फ्रिज घेऊ नका. घरच्या फ्रिजच्या खालच्या कप्प्यात त्या खुशाल राहतात. पांढरी वाइन प्यायच्या दहा-पंधरा मिनिटं आधी बाहेर काढा. लाल वाइन फ्रिजबाहेर ठेवलेली असेल, तर उलट अर्धा तास आत ठेवा. लाल वाइन ‘खोलीच्या तापमानाला’ प्यावी असं सांगतात ती खोली युरोपातली, १६-१८ अंशांची. एप्रिलमधली ऐरोलीतली बैठकीची खोली त्यांच्या डोळ्यांपुढे नव्हती.

वेगळा फ्रिज घेण्यात अर्थ आहे तो असा :

- एका वेळी वीसेक बाटल्या घरात राहतात आणि त्यांनी घरचा फ्रिज अडवला आहे.
- बुचाच्या, महागड्या, काही वर्षं ठेवायच्या बाटल्या तुमच्याकडे आहेत. घरच्या फ्रिजच्या कोरड्या हवेत बूच महिनोन्‌महिने राहिलं तर आकसतं आणि हवा आत शिरते.
- घर दिवसभर बंद असतं. बंद फ्लॅटमध्ये उन्हाळ्यात पारा ३० अंशांच्या वर तासन्‌तास राहतो. त्या उष्णतेने वाइन फुगते, बूच वर ढकललं जातं आणि चव शिजल्यासारखी होते.

यांतलं काहीच लागू नसेल, तर पैसे वाचले समजा आणि पुढचं वाचलं नाही तरी चालेल.

उंची : बहुतेकांचा फ्रिज इथेच अडतो

ओट्याखाली बसणारे बहुतेक वाइन फ्रिज युरोपीय मापाचे असतात. तिकडचा ओटा साधारण ९० सेंटीमीटर उंच, म्हणून त्याखालचा फ्रिज ८२ सेंटीमीटरचा आणि पाय फिरवून ८७-८८ पर्यंत वाढणारा. लक्षात घ्या, पाय फिरवून तो वाढतो, ८२च्या खाली येत नाही.

आपले ओटे, विशेषतः सिडकोच्या आणि जुन्या सोसायट्यांच्या घरांतले, ३२ ते ३४ इंच उंच असतात. म्हणजे ८१ ते ८६ सेंटीमीटर. त्यातून वरचा ग्रॅनाइट आणि त्याखालचा आधाराचा दगड वजा करा, तीन-चार सेंटीमीटर गेले. खाली कडप्प्याची लादी टाकून जमीन उचललेली असेल, तर आणखी काही गेले. उरले ७५ ते ८२. दुकानात ‘स्टँडर्ड अंडरकाउंटर’ म्हणून विकलेला फ्रिज अशा ओट्याखाली सरकतच नाही. मग सुतार ओटा तोडायला सांगतो किंवा दुकानदार ‘पाय काढून टाका’ म्हणतो. दोन्ही ऐकू नका. पाय काढले तर समोरच्या जाळीखालून हवा फिरायची जागाच बंद होते.

माप असं घ्या :

1. जमिनीपासून दगडाच्या खालच्या बाजूपर्यंत उंची, डावीकडे, मध्ये आणि उजवीकडे अशी तीन ठिकाणी. मोरीच्या किंवा सिंकच्या दिशेने जमिनीला उतार असतो, त्यामुळे तीन आकडे वेगळे येतील. सगळ्यांत कमी येईल तो धरा.
2. रुंदी पुढे आणि मागे, दोन्हीकडे. जुन्या घरांत उभे कडप्पे काटकोनात नसतात.
3. खोली भिंतीपासून दगडाच्या कडेपर्यंत. मागून जाणारी पाण्याची किंवा गॅसची नळी जेवढी पुढे येते तेवढं वजा करा.
4. दार ९० अंशांपेक्षा जास्त उघडेल का? बाटल्यांचे कप्पे पुढे ओढायचे असतात. शेजारी भिंत असेल आणि दार जेमतेम ९० अंशांत उघडत असेल, तर कप्पा दाराच्या रबराला घासतो. दार उजवं-डावं बदलता येतं का, हे विचारा.

दोन उभ्या कडप्प्यांमधलं अंतर कमी पडलं म्हणून त्यातला एक सरसकट काढू देऊ नका. वरचा ग्रॅनाइट त्याच्यावरच टेकलेला असतो. काढायचाच असेल, तर आधी त्या जागी लोखंडी चौकटीचा आधार बसवून घ्या. ओट्यावर रोज कणीक मळली जाते आणि नारळही फोडला जातो, हे गवंड्याला सांगावं लागत नाही, डिझायनरला सांगावं लागतं.

६० सेंटीमीटर रुंदीचा बसत नसेल, तर ३० आणि १५ सेंटीमीटरचे अरुंद प्रकारही मिळतात. ओट्याची उंची कमी असल्याची अडचण त्याने सुटत नाही, कारण तेही बहुधा ८२च्याच उंचीचे असतात. अशा घरात ओट्याचा हट्ट सोडून बैठकीच्या खोलीतल्या साइडबोर्डशेजारी सुटा उभा राहणारा फ्रिज घेणं स्वस्तही पडतं आणि त्याला हवाही मोकळी मिळते.

गरम हवा सुटणार कुठून?

फ्रिज आतली उष्णता उपसून बाहेर टाकतो. ती पाठीकडून टाकणारा फ्रिज आणि पायाशी समोरच्या जाळीतून टाकणारा फ्रिज, असे दोन प्रकार आहेत. तीन बाजूंनी बंद असलेल्या ओट्याखालच्या गाळ्यात दुसराच प्रकार चालतो.

पाठीकडून हवा सोडणारा सुटा फ्रिज गाळ्यात कोंबला की आपलीच गरम हवा तो पुन्हा ओढतो. कंप्रेसर बंद व्हायचं नाव घेत नाही, वीज जळते, बाटल्या तरीही १८-२० अंशांवर राहतात आणि एक-दोन उन्हाळ्यांत यंत्र मान टाकतं. तक्रार केली की तंत्रज्ञ पहिला फोटो गाळ्याचाच काढतो. माहितीपत्रकात ‘फ्रीस्टँडिंग’ लिहिलेलं असेल, तर वॉरंटीचा दावा तिथेच अडकतो. विक्रेत्याने तोंडी ‘चालतो हो, सगळे लावतात’ म्हटलं, तर तेच वाक्य बिलावर लिहून मागा. लिहून दिलं तर घ्या. बहुतेक जण देत नाहीत.

समोरून हवा सोडणारा घेतल्यावरही एक चूक सर्रास होते. ट्रॉल्यांच्या खालची स्कर्टिंगची पट्टी सरळ रेषेत दिसावी म्हणून सुतार ती फ्रिजच्या जाळीवरूनही नेतो. तेवढा भाग उघडाच राहिला पाहिजे.

शेजार कोणाचा, हेही बघा :

- शेगडी, ओव्हन किंवा डिशवॉशर लगेच बाजूला नको.
- ओट्याखाली गॅसचा सिलिंडर असेल, तर त्याच गाळ्यात किंवा लगतच्या उघड्या गाळ्यात फ्रिज अजिबात नको. सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर जमिनीलगत साचतो आणि विजेची ठिणगीही तिथेच पडू शकते. पाइपचा गॅस असेल, तर त्याची तोटी फ्रिजमागे झाकली जाता कामा नये.
- ड्राय बाल्कनी मोकळी दिसते म्हणून तिथे ठेवायचा मोह होतो. पण दुपारचं ऊन, पावसाचे शिंतोडे आणि खाडीवरून येणारी खारी दमट हवा, तिन्ही तिथे एकत्र भेटतात. पत्रा गंजायला वेळ लागत नाही.

कंप्रेसर की थर्मोइलेक्ट्रिक?

दहा-बारा हजारांच्या आसपास ऑनलाइन दिसणारे छोटे वाइन कूलर बहुधा थर्मोइलेक्ट्रिक असतात. त्यांत कंप्रेसर नसतो, आवाज जवळजवळ नसतो, थरथर नसते. जाहिरातीत हे सगळं असतं. नसतं ते हे, की असा कूलर भोवतालच्या हवेपेक्षा साधारण १२ ते १५ अंशच खाली जाऊ शकतो. स्वयंपाकघरात दुपारी ३५ अंश असतील, तर आत २०-२३. बारा महिने एसी चालणाऱ्या खोलीत तो ठीक आहे. नवी मुंबईतल्या स्वयंपाकघरात नाही. ओट्याखाली बसवायचा असेल तर कंप्रेसरचाच घ्या.

कंप्रेसरचा घेतानाही मागची पट्टी वाचा. तिथे हवामानाचा वर्ग दिलेला असतो :

- एन : भोवताली १६ ते ३२ अंश
- एसटी : १६ ते ३८ अंश
- टी : १६ ते ४३ अंश

म्हणजे भोवतालची हवा एवढ्या अंशांत असेल, तरच आतलं तापमान टिकेल अशी कंपनीची हमी. ‘एन’ वर्गाचा फ्रिज आपल्याकडे वर्षातले कित्येक महिने हमीबाहेरच चालतो. एसटी किमान हवा, टी असेल तर उत्तम. युरोपातून थेट मागवलेल्या सुंदर मॉडेलांत कित्येकदा ‘एन’च निघतो. दुकानदाराला हे अक्षर विचारा. त्याला ठाऊक नसेल, तर मॉडेल क्रमांकावरून माहितीपत्रक मागवायला सांगा.

अमेरिकेतल्या मुला-मुलीकडून फ्रिज मागवायचा बेत काहींच्या मनात असतो. तिथली यंत्रं ११०-१२० व्होल्टवर, ६० हर्ट्झवर चालतात, आपली वीज २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मर लावला तरी हर्ट्झ बदलत नाहीत आणि वॉरंटी समुद्रापलीकडेच राहते. तो विचार सोडा.

बाटल्यांचा आकडा आणि दोन कप्प्यांचा मोह

‘४६ बाटल्या’ हा आकडा सरळ खांद्याच्या, सडपातळ, ७५० मिलीच्या एकाच जातीच्या बाटल्या धरून काढलेला असतो. फुगीर बाटल्या आणि स्पार्कलिंग वाइनच्या जाड बुडाच्या बाटल्या आल्या की कप्पे अडतात, मग एखादा कप्पा काढून ठेवावा लागतो. छापील आकड्याच्या दोन-तृतीयांश धरा. दुकानात जाताना घरातली सगळ्यात जाड रिकामी बाटली सोबत न्या आणि कप्प्यात ठेवून कप्पा आत-बाहेर करून बघा. विक्रेता हसेल, हसू द्या.

दोन तापमानांचे दोन भाग असलेला फ्रिज महाग पडतो. त्याचा खरा उपयोग पांढरी आणि लाल दोन्ही लगेच पिण्याच्या तापमानाला तयार हवी असेल तरच. साठवायला दोघींनाही १२-१३ अंश सारखेच मानवतात. वाढायला मात्र स्पार्कलिंग ६ ते ८, पांढरी ८ ते १०, लाल १५ ते १८. एकाच तापमानाच्या फ्रिजमध्ये १२ अंशांवर सगळं ठेवून पांढरी पिण्याआधी घरच्या फ्रिजमध्ये थोडा वेळ टाकली आणि लाल ग्लासात ओतून पंधरा मिनिटं ठेवली, की काम भागतं. माझं मत विचाराल, तर दोन भागांसाठी लागणारे जादा पैसे हवामानाच्या वरच्या वर्गावर आणि चांगल्या काचेवर घाला.

काच आणि पावसाळा

जूनपासून ऑक्टोबरपर्यंत काचेच्या दाराला घाम फुटतो. एकेरी काच असेल तर पाणी ओघळून खालच्या लाकडी पट्टीत मुरतं आणि प्लायवूड फुगतं. म्हणून दार किमान दुहेरी काचेचं हवं. काच गडद किंवा अतिनील किरण अडवणारी असावी. फ्रिजच्या दोन्ही बाजूंच्या ट्रॉल्यांसाठी साधं प्लाय न वापरता पाण्याला टिकणारं प्लाय वापरायला सांगा. दाराचं रबर महिन्यातून एकदा ओल्या फडक्याने पुसा. तिथे काळी बुरशी धरली की दार नीट चिकटत नाही आणि दमट हवा आत शिरून बाटल्यांची लेबलं सोलायला लागतात.

विजेचं काय?

असा फ्रिज फार वीज खात नाही. माहितीपत्रकात वर्षाला १५० युनिट लिहिले असतील, तर महिन्याला साडेबारा युनिट झाले. पण तो आकडा प्रयोगशाळेतल्या सौम्य हवेतला. आपल्याकडे दीडपट धरा, म्हणजे १९च्या आसपास. आता हे युनिट तुमच्या नेहमीच्या वापरावर चढतात, म्हणून महावितरणच्या बिलातल्या तुमच्या सगळ्यात वरच्या टप्प्याचा दर त्यांना लावून हिशेब करा. सरासरी दर लावू नका. महिन्याचा वापर ३०० युनिटांच्या काठावर असेल, तर हे जादा युनिट पुढच्या महाग टप्प्यात पडतील.

स्वतंत्र प्लग आणि चांगलं अर्थिंग हवं, एक्स्टेन्शन बोर्ड नको. प्लग फ्रिजच्या थेट मागे घेऊ नका, शेजारच्या ट्रॉलीत घ्या. बंद करायची वेळ आली, तर पूर्ण फ्रिज ओढून काढायला लागू नये.

परवान्याचा विसर पडू देऊ नका

फ्रिजला परवाना लागत नाही, आतल्या बाटल्यांना लागतो. १९४९च्या महाराष्ट्र दारूबंदी कायद्याखाली मद्य विकत घ्यायला, बाळगायला आणि प्यायला राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना असावा लागतो. तो वर्षाचा किंवा आजीवन मिळतो, फी नाममात्र आहे आणि अर्ज ऑनलाइन करता येतो. वाइनसाठी वयाची अट २१ वर्षांची. परवान्यावर किती मद्य बाळगता येईल यालाही मर्यादा असते, म्हणून मोठा फ्रिज घेण्याआधी ती मर्यादा वाचा. घरातल्या दोन प्रौढांनी वेगवेगळे परवाने घेणं शहाणपणाचं.

गोव्याहून गाडीच्या डिकीतून आणलेल्या, ‘फक्त गोव्यात विक्रीसाठी’ छापलेल्या बाटल्या या परवान्यात बसत नाहीत. वाहतुकीच्या स्वतंत्र परवान्याशिवाय त्या राज्यात आणणं हा गुन्हा आहे. काचेच्या दाराआड, दिव्याच्या उजेडात त्या मांडून ठेवणं तर फारच भोळेपणाचं. विमानतळावर घेतलेल्या बाटल्यांची बिलं जपून ठेवा.

पैसे देण्याआधी आणि फ्रिज घरी आल्यावर

दुकानात हे विचारा आणि उत्तरं बिलावर किंवा ईमेलवर घ्या :

- हा फ्रिज गाळ्यात बसवण्यासाठी आहे का? हवा समोरून सोडतो का?
- हवामानाचा वर्ग कोणता?
- ‘दहा वर्षांची वॉरंटी’ फक्त कंप्रेसरची की पूर्ण यंत्राची? बहुधा पूर्ण यंत्राला एकच वर्ष असतं. पंखा, सर्किट बोर्ड, काच आणि दाराचं रबर कशात येतात?
- नवी मुंबईत दुरुस्तीला कंपनीचा माणूस येतो की त्रयस्थ? सुटे भाग देशात आहेत का?
- बसवण्याचा खर्च किमतीत धरला आहे का?

आयात केलेल्या यंत्राच्या खोक्यावर आयातदाराचं नाव-पत्ता, मूळ देश आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असणं बंधनकारक आहे. हे नसेल तर तो माल घेऊ नका, मग किंमत कितीही ओढून घेणारी असो.

खोकं उघडताना मोबाइलवर चित्रीकरण करा, काचेचे कोपरे आधी पाहा. फ्रिज आडवा करून आणला असेल, तर एक पूर्ण दिवस उभा ठेवा आणि मगच चालू करा. गाळ्यात पक्का बसवण्याआधी १२ अंशांवर लावून मधल्या कप्प्यात पाण्याचा ग्लास आणि त्यात साधा थर्मामीटर ठेवा. चोवीस तासांनी पाण्याचं तापमान बघा. दारावरचा आकडा हवेचा असतो, बाटलीला पाण्याचा लागू पडतो. दोन अंशांहून जास्त फरक असेल, तर बदलून देण्याची मुदत संपायच्या आत कळवा. गाळ्यात बसवल्यावर हीच चाचणी भर दुपारी स्वयंपाक चालू असताना पुन्हा करा.

बिघडला आणि कोणी दाद देत नसेल तर

‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का बिलावर असला, तरी सदोष माल परत घ्यायला नकार देता येत नाही. बिलात मुदत दिली नसेल, तर ३० दिवसांत सदोष वस्तू परत न घेणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा ठरते. बिल न देणंही त्यातच येतं.

आधी कंपनीला लेखी तक्रार करा आणि तक्रार क्रमांक घ्या. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५वर नोंदवा. बरीच प्रकरणं तिथेच मिटतात. नाही मिटली तर जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला तिथे फी नाही, वकील सक्तीचा नाही, अर्ज ऑनलाइन करता येतो आणि कंपनी दिल्लीची असली तरी तुम्ही राहता त्याच जिल्ह्यात दावा लावता येतो. मुदत तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षं. फ्रिज धंद्याच्या नावावर, जीएसटीची वजावट मिळावी म्हणून घेतला असेल, तर समोरचा वकील ‘हे ग्राहकच नाहीत’ असा मुद्दा काढेल, म्हणून घरचा फ्रिज घरच्या नावावर घ्या. मार्गदर्शन हवं असेल तर १९७५पासून काम करणारी मुंबई ग्राहक पंचायत आहेच.

आणि जिल्हा कोणता, हे अर्ज भरण्याआधी तपासा. ऐरोलीपासून बेलापूरपर्यंतचे वाचक ठाणे जिल्ह्यात येतात, त्यांच्यासाठी ठाण्याच्या अतिरिक्त आयोगाचं काम बेलापूरच्या कोकण भवनात चालत आलं आहे. खारघर, कामोठे, कळंबोली, पनवेल मात्र रायगडमध्ये येतात, त्यांचा आयोग अलिबागला. सुनावणी व्हिडिओवरून घेण्याची विनंती कायद्याने करता येते, ती अर्जासोबतच करा, म्हणजे प्रत्येक तारखेला वडखळचा ट्रॅफिक भोगावा लागणार नाही.